टाकीतल्या डांबरगोळ्या

माझ्या मामाची मोटार निजामाच्या काळातली, आणि मिजासही त्याच काळातली. पालममधून ती निघाली की म्हशीसुद्धा बाजूला व्हायच्या. आदराने नव्हे, आवाजाने. मामा तिला औषध पाजायचा. पेट्रोल भरलं की बाटलीच्या झाकणाने मोजून थोडं इंजिन ऑइल टाकीत ओतायचा. नुसत्या पेट्रोलवर जुने व्हॉल्व्ह कोरडे पडून जळतात, असं गंगाखेडच्या मिस्त्रीने सांगितलं होतं, आणि मिस्त्रीचा शब्द मामाला वैद्याचा शब्द होता.

मी तेव्हा पंचविशीतला आणि दीडशहाणा. त्याच मिस्त्रीकडे येणारे फटफटीवाले टाकीत डांबरगोळ्या टाकायचे. पेट्रोलला जोर येतो म्हणे. फटफटीला दोन, तर मोटारीला ओंजळभर, हे माझं गणित. मामीच्या ट्रंकेतल्या गोळ्या जुन्या रुमालात बांधल्या आणि सुतळीने टाकीत सोडल्या. मामाला पत्ता नाही. गाडी जाईल तिथे ठेवणीतले शालू उघडल्याचा वास! मामा खूश. तेलाचा गुण हाय, म्हणून सगळ्यांना सांगत सुटला.

मग कडाक्याची थंडी पडली. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, बौद्ध वस्त्यांवर हल्ले चाललेले. दगडफेकीमुळे एसटी बंद. एका पहाटे गावातल्या बौद्ध वस्तीतला एक तरुण मामाकडे आला. त्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली होती. त्या दिवशी बाराच्या आत परभणीला हजर झाला नाही तर नेमणूक रद्द. त्यांच्या घरातली ती पहिली नोकरी. मामाने लगेच गाडी काढली. मी मागे बसलो, मनात म्हणालो, बघा आता आमची गाडी.

गंगाखेडच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी ज्वारी, मध्ये आम्ही, आणि गाडीने दोन आचके दिले. थांबली. मामाने हँडल मारमार मारलं. बांधावरची चार माणसं उठून आमच्याकडे बघू लागली. तरुणाने त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मालक, गाडी बंद पडली का पाडली?"

मामा हँडल टाकून पुढे आला. तोवर तरुण पिशवी खांद्याला लावून चालायलाही लागला होता.

मी कार्ब्युरेटर उघडला. पेट्रोल जिथून इंजिनात झिरपतं त्या जेटच्या बारीक भोकात पांढरे खडे, खडीसाखरेसारखे. पेट्रोलमध्ये विरघळलेल्या गोळ्या थंडीने पुन्हा गोठल्या होत्या. मी मामाला सगळं सांगितलं. त्याने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "त्यानं काय समजावं आता?"

जेट तोंडाने फुंकला, रुमाल टाकीतून ओढून काढला. तासाभराने ऊन चढलं तेव्हा गाडी कुरकुरत सुरू झाली. तरुण आम्हाला रस्त्यातच सापडला. गाडी शेजारी आली तरी मान वळवेना. मी उतरलो, सुतळीला लटकलेला तो निथळता रुमाल पुढे धरला.

"गुरुजी, हे मी टाकलं होतं. मामाला माहीत न्हवतं."

त्याने वास घेतला. "खरं बोलायलात, का सुटायला बघायलात?"

गप्पांत मला कुणी हरवलं नाही. त्या रस्त्यावर मात्र मी नुसतं गाडीचं दार उघडून धरलं. त्याने वर सूर्याकडे पाहिलं, पुढे रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि गाडीत बसला. माझ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, दुसरं वाहन नव्हतं म्हणून. परभणीपर्यंत त्याचा हात दाराच्या मुठीवर होता. वाटेत दोनदा जेट फुंकावा लागला, आणि दोन्ही वेळा तो खाली उतरून उभा राहिला. बाराला दहा मिनिटं असताना तो कचेरीच्या पायऱ्या चढला.

नोकरी लागली. पुढे कधी भेटला तर नीट बोलायचा, चहा पाजायचा. गाडीत बसा म्हटलं की हसून एसटीच्या थांब्याकडे वळायचा.

हा किस्सा मी शंभरदा रंगवलाय. म्हशी, शालू, खडीसाखर. लोक पोट धरून हसतात. तो बैठकीत असला, की मी दुसरा किस्सा काढतो.