मुलुंडच्या भिंतीवरचा राजा

माझ्या बायकोच्या मामांइतका राजनिष्ठ माणूस साऱ्या मुलुंडमध्ये शोधून सापडायचा नाही. फरक इतकाच, की त्यांचा राजा त्यांच्याच हॉलच्या भिंतीवर राहायचा. नव्यानं गादीवर बसलेला राजा गडावर आजोबांच्या समाधीच्या दर्शनाला आला आहे, असं ते चित्र मामा थेट भिंतीवरच रंगवत होते. राजा कुठला, गड कुठला, असं कुणी विचारलं की मामा म्हणत, "नाव कशाला हवं? नातं बघा." चित्र जमिनीपासून थेट छताला भिडलेलं. सोफा त्यांनी कधीच काढून टाकला होता, कारण त्याच्यामागे घोड्यांचे पाय झाकले जात. कॅनव्हास का नाही, तर कापड हलतं आणि हलणाऱ्या कापडावर गड उभा राहत नाही. उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला कोण समजावणार?

त्या घरी गेलेला पाहुणा चित्रात शिरल्याशिवाय परत येत नसे. आधी मामी घावणे वाढायच्या, आणि मग खाल्ल्या मिठाला जागून डोक्याला चादर गुंडाळून तासभर उभं राहायचं. खालचा इस्त्रीवाला घोडेस्वार झाला, सोसायटीचे सेक्रेटरी भालदार झाले. लग्नानंतर मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा माझ्या हातात जळमटं काढायचा लांब झाडू आला आणि मी राजामागे, त्याच्यावर सावलीला अब्दागीर धरून उभा राहिलो. तुझ्या मामांनी जावयाचा नोकर केला, असं परतताना रिक्षात मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "नशीब समज रे. बाबांना त्यांनी पालखीखाली घातलंय." पण खरं सांगतो, पुढे कधीही गेलो तरी मी आधी स्वतःला बघून घ्यायचो. आणि समाधीचे ते शेवाळलेले दगड! हात लावला तर गार लागतील असे. असा रंगवणारा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

राजाचा चेहरा मात्र कोरा. त्यासाठी उभा केलेला एकही माणूस मामांना पसंत पडत नसे. समाधीपुढे हा हसतो, तो घड्याळ बघतो, अशी तक्रार. "ह्या राजाक तोंड कधी येतला?" असं मामी विचारायच्या, आणि मामा ब्रश धुवायला जायचे.

मग इमारत पुनर्विकासाला निघाली. भिंत काही टेम्पोत घालून नेता येत नाही, हे मामांच्या तेव्हा ध्यानात आलं. आता हा माणूस सही अडवून सगळ्यांना लटकवणार, अशी आमची खात्री होती. पण त्यांनी सर्वांच्या आधी सही केली, कारण वरच्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट हवी होती. भिंत जाण्याचं दुःख त्यांनी गिळलं. राजा चेहऱ्याशिवाय जाणार, हे मात्र त्यांना गिळवेना. हातात ब्रश घेऊन ते दिवसच्या दिवस नुसते बसून राहायचे.

सामान हलवायच्या दिवशी सकाळी हॉल रिकामा झाला आणि मामा एकटेच चित्रापुढे उभे राहिले. रडत नव्हते, हातही जोडलेले नव्हते. नुसते बघत होते. दारातून मामी हळूच म्हणाल्या, "अवो, हलू नकात. ह्योच चेहरो व्हयो होतो ना?" टेम्पोवाल्याला थांबवून बांधलेल्या खोक्यातून दाढीचा आरसा काढला गेला, मामी तो धरून उभ्या राहिल्या, आणि दुपारपर्यंत राजाला चेहरा आला. नातू जरा वयस्कर झाला, पण आजोबांच्या समाधीपुढे माणूस असाच दिसत असणार, याबद्दल आमच्यात कुणालाच शंका उरली नाही.

इमारत पाडायला घेतली तेव्हा मामा गेले नाहीत, मी गेलो. दर्शनी भिंत पडली होती आणि तिसऱ्या मजल्यावरचा आमचा राजा रस्त्यावरून दिसत होता. येणारे-जाणारे थांबून वर बघत होते. मी मामांना फोन करून ते सांगितलं.

"जावईबापू, ऊन कुठल्या बाजूनं पडलंय?" त्यांनी विचारलं.

"डावीकडून."

"चित्रातही तिकडूनच आहे," ते म्हणाले. तेवढ्यात भिंती पाडणारं यंत्र पुन्हा सुरू झालं. तो आवाज त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी तळहातानं फोन झाकून धरला.