चुन्यानं लिहिलेली सहा पानं

परवा ओल्या चुन्याचा वास आला आणि मी थेट पोलादपूरजवळच्या आमच्या ओटीवर पोचले. बाबा मुंबईला गिरणीत होते. त्यांचं कार्ड आलं, की मी ते आईला वाचून दाखवायचे. तिला अक्षरओळख नव्हती. कार्डाच्या शेवटी माझ्यासाठी कोडं असायचं. उलटसुलट अक्षरं जुळवली, की बाबा येताना काय आणणार ते कळायचं. मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत चुन्यानं सागाच्या पानावर काढून पानं हलवत बसायचे. आई मागं उभी राहून बघायची.

एकदा सहा पानांपुढं मी अडले. आईनं शेणाचे हात धुतले आणि पानं सरकवली. "हिरवं लुगडं हाय गो!"

पुढचं कार्ड तिनं पोस्टमनकडून स्वतःच घेतलं आणि स्वतःच वाचलं. मला फक्त कोडं सांगितलं, वरचं काहीच नाही. मी दिवसभर रुसले होते. आता वाटतं, तोवर बिचारे नवराबायको माझ्याच तोंडून बोलत होते.