दसऱ्यानंतर कुठं असता?

“गेल्या तीन महिन्यांत गाव सोडलं होतं का?” मी फॉर्मवरचा प्रश्न वाचला.

“न्हाई. पावसाळ्यात कुठं जाणार, मॅडम?” सुमन म्हणाली.

मी ‘नाही’वर टिक केली. उत्तर खरं होतं. चूक माझी होती.

तेव्हा मी केजच्या दवाखान्यात एका ट्रायलची कोऑर्डिनेटर होते. ट्रायल म्हणजे नवं औषध बाजारात येण्याआधी माणसांवर तपासून बघणं. सुमन तेलगावकडची, ऊसतोड करणारी, वय चौतीस. पाच वर्षांपूर्वी गर्भाची पिशवी काढताना तिची अंडाशयंही काढली होती. बायकांचं मुख्य हार्मोन तिथंच तयार होतं. ते थांबलं, आणि ऐन तरुणपणी अंगातून वाफा, हाडं ठणकणं, झोप नाही. बाजारातल्या गोळ्या तिला सोसल्या नव्हत्या. आमचं औषध म्हणजे एक जेल, रोज सकाळी दंडाला चोळायचं.

महिन्याभरात ती हसत आली. “लई झोपले, मॅडम! मालक म्हणले, बाई उठती का न्हाई!”

दर महिन्याला रक्त तपासायचं. दोन तपासण्या चुकल्या की नाव कमी, असा नियम. दसऱ्यानंतर टोळ्या तोडीला जातात हे मला काय माहीत नव्हतं? माझा जन्मच इथला. पण नावं भरताना औषध कंपनीच्या साहेबांचा रोज फोन.

“अजून तीन पेशंट कमी आहेत.”

“सर, या बायका तोडीला जातील.”

“फॉर्ममध्ये बसतात ना? मग घ्या.”

मी घेतलं. नोकरीची काळजी होती, दुसरं काही नाही.

सुमन कर्नाटकात गेली. जाताना तिला दोन महिन्यांच्या ट्यूबा दिल्या. नंतर फोन लागेना. दोन तपासण्या चुकल्या, नाव कमी झालं.

गुढीपाडव्याच्या सुमारास ती आली. रिकाम्या ट्यूबा धुऊन आणल्या होत्या. सोबत आमची डायरी, रोजच्या नोंदीसाठी दिलेली. औषध पुरावं म्हणून तिनं एक दिवसाआड लावलं होतं. लावलं त्या दिवशी फुली, नाही त्या दिवशी गोल. संपल्यानंतरही रोज गोल काढला होता. एकही रकाना कोरा नव्हता.

“परत वाफा सुरू झाल्या. अजून द्या की.”

“तुझं नाव कमी झालंय, सुमन.”

“कावून? म्या तर रोज लिव्हलंय.”

तिच्या फाइलवर ‘पेशंटने संपर्क ठेवला नाही’ असं मीच लिहिलं होतं. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या. ती चिठ्ठी घेऊन गेली, डायरी टेबलावरच राहिली.

आता फॉर्म उघडण्याआधी मी विचारते, “दसऱ्यानंतर कुठं असता?” हा प्रश्न अजून कुठल्याच फॉर्मवर नाही. तेव्हाही नव्हता, पण मला तो ठाऊक होता.