पैलतीराला गेलेला मळा

गाव सोडलं त्या सकाळी आमची होडी माझ्या मळ्यावरून गेली. खोटं नाही सांगत. एसटी नदीपलीकडे थांबायची. दोन वर्षांपूर्वी जिथं मी पावटा काढला होता, तिथं आता होडीचा बांबू तळाला लागत नव्हता. होडीवाल्याने माझ्याकडे बघायचंच टाळलं.

दर पावसाळ्यात नदी आमचा काठ कापायची आणि ती माती समोर नेऊन टाकायची. तिथं काळीभोर मळई वर आली. लागली कुणाच्या शेताला? माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या, भिकूभावोजींच्या.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या जोगेश्वरीला येऊन पडलेल्यांनो, ऐका. माझ्या त्या बहिणीच्या, यशोदाच्या लग्नात दोन्ही व्याही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले होते. नारळ सोडून बोलले होते, नदीने एकाची माती दुसऱ्याला दिली तर अर्धं पीक मूळ धन्याचं. आधी नदीने तिकडची माती आमच्या काठाला आणून टाकली. तेव्हा बाबा दरवर्षी अर्धा पावटा होडीने पलीकडे धाडायचे. म्हणायचे, "पाण्यात उभं राहून दिलेला शब्द वाहून जात नाही."

माझी अर्धं पीक मागायची पाळी आली तेव्हा भावोजी हसले. "अरे दगडू, शब्द म्हाताऱ्यांनी दिला, ते गेले. मला नदीने दिलं. जा, विचार तिला!"

यशोदा दारात तांदूळ पाखडत होती. हातातलं सूप तिने खाली ठेवलं नाही. भावोजींचं मला काही नाही. ते सूप मी विसरत नाही.

जोगेश्वरीला डोंगरावर झोपडं बांधलं, अंधेरीच्या कंपनीत हेल्पर लागलो. शिफ्ट, ओव्हरटाइम, सुपरवायझर, सगळं तिथं शिकलो. मातीला हात लागायचा तो पावसाआधी झोपड्याला भराव घालताना.

पाच-सहा वर्षांनी यशोदा आली, पावट्याचं गाठोडं घेऊन. "दादा, आपल्याच मातीतला आहे रे."

आपल्याच! मी म्हटलं, "हेच तिकडे नवऱ्यासमोर बोल, मग खाईन."

तिने गाठोडं चुलीशी ठेवलं. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या लांबून आलीय ती." मी डबा न घेता ड्युटीवर गेलो. घरात उसळ शिजली, मी कॅन्टीनमध्ये चहापाव खाल्ला.

नवऱ्यासमोर ती ते कधीच बोलली नाही. आता तर तीही नाही.

कुणी विचारलं, "काका, गाव कुठलं?" तर मी पैलतीराच्या गावाचं नाव सांगतो. आमच्या वाडीतले हसतात, "म्हातारा बहिणीचं सासर सांगतो रे!" हसा. माझा मळा तिकडे आहे.