काळ्या क्रुसाचं पुस्तक

माझे यजमान इटलीतल्या लढाईत गेले. त्यांचं सामान घरी आलं तेव्हा लढाई संपली होती आणि माझं कुंकू पुसूनही बरेच दिवस झाले होते. एक बंद पडलेलं घड्याळ, कंगवा, लग्नातला माझा फोटो आणि खाकी चिंधीत गुंडाळलेला एक लोखंडी क्रूस. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, काळाकुट्ट. मधोमध पानांची गोल माळ आणि तिच्यात दोन आकडे : १९१४, १९१८.

सासरे तांडेल होते. मालवणाहून मुंबईपर्यंत आणि खाली मंगळूरपर्यंत त्यांनी शिडाचे पडाव हाकलेले. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे आता त्या घरात आम्ही दोघंच उरलो. सासऱ्यांनी तो क्रूस मुलाच्या फोटोखाली खिळ्याला अडकवला. घरात कोणी आलं की ते फोटोकडे बोट दाखवायचे.

"माझ्या झिलान जर्मन सायबाक आडवो केल्यान. त्याच्या छातयेवरचो खुरीस आसा तो."

चतुर्थीला माणसं जमली की ही कथा लांबायची. कधी त्यात डोंगर यायचा, कधी नदी. मी आत नारळ खवत ऐकत असे. लग्नानंतर यजमानांची रजा संपेपर्यंतच मी त्यांना पाहिलं होतं. कथेतला तो शूर माणूस मला ओळखता येत नसे. पण ओळखीचा म्हणावा असा दुसरा कोणी माझ्याजवळ नव्हता.

पुढे मी शिकले, मास्तरीण झाले. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवताना एक दिवस फळ्यावर पहिल्या महायुद्धाची सालं लिहिली आणि खडू हातातच राहिला. १९१४ ते १९१८. क्रुसावर हेच आकडे होते. तेव्हा तर दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या माझ्या यजमानांचा जन्मही झालेला नव्हता. मग त्यांनी मारलेल्या साहेबाच्या छातीवर हा क्रूस कसा? आणि तो होता तरी कसला?

त्या दिवसापासून मी पुस्तक शोधायला लागले. सासऱ्यांना काही बोलले नाही.

मालवणच्या वाचनालयात कादंबऱ्या होत्या, संतचरित्रं होती. ग्रंथपालांनी एक जाड इंग्रजी कोश काढून दिला. त्यात पदकांवर दोन पानं होती आणि दोन्ही इंग्रजांची. वेंगुर्ल्याच्या वाचनालयातही जाऊन आले. तिथल्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला कशाला हवंय हे?" घरी येताना वाटलं, खरंच, कशाला?

मे महिन्याच्या सुट्टीत मी बोटीने मुंबईला भावाकडे जायची. भावाची खोली गिरगावात. वहिनी प्रेमळ होती, पण हळदीकुंकवाला बायका जमायच्या तेव्हा मी आपणहून बाहेर पडायची. फोर्टात फिरायची, फाउंटनजवळ फूटपाथवर मांडलेली जुनी पुस्तकं उलथीपालथी करायची. नाण्यांवरची पुस्तकं मिळत, तिकिटांवरची मिळत. पदकांवरचं एक मिळालं, तेही इंग्रजांच्याच. जवळच्या गल्लीत एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. मी क्रूस कागदावर काढून नेला होता. त्यांनी तो उजेडात धरला.

"इंग्रजांचा पायजे तर आत्ता देते, बाई. हरलेल्या लोकांचा बुक कोण छापेल?"

"पण दुसऱ्या लढाईच्या आधी त्यांनीच छापलं असेल ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. "ते खरा. पुढच्या साली या. मी नजर ठेवते."

पुढच्या वर्षी काही नव्हतं. त्यानंतरच्या वर्षीही नव्हतं. पण एव्हाना ते मला खुर्ची द्यायला लागले होते. त्यांच्याच सांगण्यावरून मी एका मोठ्या ग्रंथालयात गेले, कार्डांचे खण उघडले आणि उंच छताखाली लांबलचक टेबलाशी बसले. सगळ्या देशांच्या पदकांचं एक इंग्रजी पुस्तक समोर आलं. त्यात माझा क्रूस होता! पण नीट पाहिलं तर चित्रातल्या क्रुसाला मागून दोन तलवारी निघाल्या होत्या. माझ्या क्रुसाला तलवारी नव्हत्या. खाली एवढंच लिहिलेलं, की याचे आणखी प्रकार आहेत. आजूबाजूला विद्यार्थी माना खाली घालून लिहीत होते. हे कोणाला सांगावं, असं वाटून मी इकडेतिकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

पारशी बाबांना पुस्तक सापडलं ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. कुठल्याशा कारखान्यातला जर्मन इंजिनियर मायदेशी परतताना पुस्तकांचं कपाट विकून गेला होता. पुस्तकाचा पुठ्ठा सुटलेला, पण चित्रं शाबूत. एका पानावर तीन क्रूस शेजारी शेजारी होते आणि तिसरा माझा : काळा, तलवारींवाचूनचा. मजकूर मात्र जुन्या वळणाच्या, टोकदार छापात होता. भाषा सोडाच, मला अक्षरंही लागेनात. बोटीवर सगळा वेळ ते पुस्तक मी मांडीवर घेऊन बसले. सापडलं होतं आणि कळत काहीच नव्हतं.

मालवणच्या चर्चमध्ये तेव्हा गोव्याकडचे एक वृद्ध पाद्री होते. धर्माचं शिक्षण घ्यायला तरुणपणी ते ऑस्ट्रियात राहिले होते, असं शाळेतल्या एका ख्रिस्ती मुलीकडून कळलं. शाळा सुटल्यावर मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले, पदराच्या गाठीत क्रूस होता. त्यांनी बराच वेळ बोट फिरवत वाचलं.

"बाई, तीन तऱ्हेचे आहेत हे. तलवारींचा आहे तो लढलेल्यांचा. दुसरा, सैन्यात असून आघाडीवर न लढलेल्यांचा." मग त्यांचं बोट तिसऱ्या चित्रावर आलं. "हा काळा... लढाईत ज्यांचा माणूस पडला, त्यांच्यासाठी. त्याच्या आईवडिलांना द्यायचे. आणि विधवेला."

मी मान हलवली. त्यांना माझ्याबद्दल ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी तांब्यातून पाणी ओतून दिलं, ते मी प्याले.

कोणा जर्मन बाईचा होता तो क्रूस. तिचा मुलगा किंवा नातू तो खिशात घालून पुढच्या लढाईला निघाला असेल. माझ्या यजमानांनी तो मेलेल्याच्या अंगावरून काढला, की कैद्याने दिला, की वाटेत नुसता सापडला, ते कोणत्याच पुस्तकात मिळणार नव्हतं.

सासऱ्यांना सांगावं की नाही, यात मिरगाचा पाऊस होऊन गेला. शेवटी एका दुपारी ते पडवीत जाळं सांधत बसले होते, तेव्हा मी समोर बसले.

"मामांनू, तां पराक्रमाचां पदक न्हय."

"मगे कसलां?"

"लढायेत ज्येंचो माणूस गेलो, त्येंच्या आवशीक, बापाशीक, नायतर बायलेक दितत तां. कोणा जर्मन बायलमाणसाचां आसतलां."

ते एकदम म्हणाले, "पुस्तकात काय्येक लिवतत!" आणि उठून पावसातच बंदरावर निघून गेले.

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. मी ताट वाढून ठेवायची, ते जेवून उठायचे. त्या घरात मी पुष्कळ एकटी राहिले होते, पण इतकी एकटी कधीच नव्हते. निदान त्यांची कथा तरी ऐकू येत असे, आता तीही बंद झाली. पुस्तक शोधलं नसतं तर बरं झालं असतं, असं रोज वाटे.

एका सकाळी मी चुलीशी होते. ते दारात येऊन उभे राहिले.

"त्या बायलमाणसाचो कोण गेललो? घोव काय झील?"

"माका ठावक नाय, मामांनू."

ते उंबऱ्यावर बसले.

"तुझ्या घोवाक दर्या लागा, ठावक आसा तुका?"

मला ठाऊक नव्हतं.

"देवगडापर्यंत नेलंय एकदा, तर सगळी वाट ओकत इलो. तांडेलाचो झील, आणि पडावार उभो रवाक शकना नाय. लोक हसले. माका लाज वाटली. मीच त्येका सांगलंय, पलटणीत जा." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "त्येका जावचा नव्हता गो."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

पुढे ते हयात होते तोवर मधूनमधून मुलाबद्दल असं काही सांगत. तो काळोखाला भिई. त्याला उकड्या तांदळाची पेज आवडे, पण वर तूप लागे. बोलताना 'र' अडखळे, म्हणून लग्नात यजमान माझ्याशी फार बोलले नसावेत. मला तेव्हा वाटलं होतं, मी त्यांना पसंत नाही.