बुचाचा वास

माझा नवरा वाइन चाखायची नोकरी करायचा. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी नातेवाइकांना 'आयातीच्या धंद्यात आहेत' एवढंच सांगितलं होतं. हॉटेलचं शिक्षण घेऊन तो कोलकात्याला आला आणि एका वयस्कर बंगाली गृहस्थांच्या कंपनीत लागला. परदेशातून आलेली वाइन खिदिरपूरच्या गोदीत उतरायची. ती हॉटेलांना जाण्याआधी प्रत्येक मालातल्या काही बाटल्या उघडून तो वास घ्यायचा. घोट क्वचितच घ्यायचा. "जिभेला फार थोडं कळतं, खरं काम नाकाचं," म्हणायचा.

बूच खराब असलं की वाइन बिघडते. कधी बूच सुकून आकसतं, आत हवा शिरते आणि वाइन आंबते. ते कुणालाही कळतं. पण कधी बूच दिसायला धडधाकट असतं आणि दोष त्याच्या पोटात असतो. वाइनचा रंग तसाच राहतो, फळाचा वास मात्र मरतो आणि ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येतो. ती प्यायल्यानं काही बाधत नाही, पण पिण्यात अर्थ उरत नाही. हा दोष माझा नवरा पेला नाकाशी नेण्याआधीच ओळखायचा.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघं आजारी पडलो. ताप उतरला, माझी चव आणि वास थोड्याच दिवसांत परत आले. त्याचे आले नाहीत. एका सकाळी फोडणी करपल्याच्या वासानं मी बाल्कनीतून धावत आले, तर हा गॅसशेजारीच चहा गाळत उभा. त्यानं आधी कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला कळलंच नाही गं," म्हणाला.

डॉक्टरांनी धीर धरायला सांगितलं. तेवढ्यात ऑफिस सुरू झालं. मग तो नमुन्याच्या बाटल्या बालीगंजच्या आमच्या फ्लॅटवर आणू लागला, आणि आयुष्यात दारूला न शिवलेली मी जेवणाच्या टेबलाशी बसून पेल्यांत नाक घालू लागले. ओळख पटावी म्हणून त्यानं एक बिघडलेली बाटली मुद्दाम आणली होती.

"कसा येतोय?"

"भिजलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यासारखा."

"अगदी बरोबर," तो हसला. मग त्यानं स्वतः तोच पेला हुंगला आणि मोरीत ओतून टाकला.

"सांगून का टाकत नाहीस मालकांना?" मी एकदा विचारलं.

"येईल गं परत. जरा थांबू."

थांबलो. हिवाळ्यात माझ्या वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि मला सांगलीला जावं लागलं. नेमका तेव्हाच लग्नसराईचा माल आला. त्यानं बुचं दाबून पाहिली, रंग उजेडात धरून पाहिला आणि माल जाऊ दिला. एका मोठ्या हॉटेलात भर मेजवानीत बाटलीमागून बाटली परत आली.

मी सांगलीहून परतले, त्याच संध्याकाळी मालक आमच्या घरी आले. रागावलेले नव्हते. पिशवीतून त्याच मालातली एक बाटली काढून त्यांनी टेबलावर उघडली आणि पेला नवऱ्यापुढे सरकवला.

"जरा पाहा," ते हिंदीत म्हणाले. "मीच म्हातारा झालोय की काय, ते मला कळू दे."

तो वास मला टेबलाच्या पलीकडूनही आला. नवऱ्यानं पेला उचलला, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवणार, तोच त्यानं पेला खाली ठेवला.

"दादा, मला वासच येत नाही. त्या तापापासून."

मालकांनी बूच उचलून बाटलीला परत लावलं. "तुम्ही मला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "काढून टाकीन असं वाटलं?"

"नाही. एकदा तोंडानं बोललो की नाक खरंच गेलं, असं वाटायचं."

मालकांनी त्याचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती बाटली ते जाताना घेऊन गेले.

त्यांनी त्याला काढलं नाही. तो आता गोदीत माल सोडवण्याची कामं बघतो. वास घ्यायला एक तरुण मुलगी नेमली, तिला त्यानंच शिकवलं. ती हुशार आहे, असं तो मनापासून सांगतो. घरी पुढ्यात येईल ते जेवतो, फक्त ठेचा मागतो. तिखट झोंबतं, तेवढं तरी कळतं म्हणतो.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर पुण्याच्या घरी आम्ही त्यांचं कपाट आवरत होतो. त्यांची रोजची सुती साडी हाताला लागली आणि सवयीनं त्यानं ती नाकाशी नेली. तशीच धरून ठेवली. पुन्हा श्वास घेतला, जरा खोल. मग माझ्या हातात दिली.

मी वास घेतला.

"आहे?" त्यानं विचारलं.

"आहे."

"कसा, ते सांगू नकोस," तो म्हणाला आणि पाठ करून खालचा कप्पा रिकामा करू लागला.