वरमाईची हरकत

एमेटने लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हा त्याच्या आईने पहिला प्रश्न विचारला, "कुठली मुलगी?"

"पेन्सिल्व्हेनियाची. जोडी ग्रोफ."

"पेन्सिल्व्हेनियात कुठली?"

एमेटने जिल्हा सांगितला. आयलीन ट्रंबुल खुर्चीत बसली.

"मुलगी गुणी असेल रे," ती म्हणाली. "पण येणार कशातून?"

आयलीनची द्राक्षबाग शेजारच्या राज्यात, क्यूका तळ्याच्या उतारावर होती. वडिलांनी लावलेली. बागेवर भागत नाही म्हणून तिने शाळेची बस चालवली, आणि तपासणीसाठी बसच्या पोटाखाली शिरायची सवय तिला तिथेच लागली. पुढे गावच्या सभेत तिने कंदीलमाशीचं चित्र पाहिलं. नावाला माशी, जातीने तुडतुडा. वेलीचा रस पिते, पानांवर चिकट घाण टाकते, त्यावर काळी बुरशी चढते आणि वेल खंगत जाते. अंडी दिसतात वाळलेल्या चिखलाच्या फरकाट्यासारखी. गाडीवर, दगडावर, खुर्चीवर, कुठेही घालते. जोडीच्या जिल्ह्यात ती बोकाळली होती. तिथून लाकूडफाटा, रोपं, अंगणातलं सामान तपासल्याशिवाय बाहेर न्यायला बंदी होती. आयलीनच्या उतारावर ती अजून आली नव्हती.

ती येऊ नये म्हणून आयलीन काहीही करायची. दुकानाबाहेर पेन्सिल्व्हेनियाची नंबरप्लेट दिसली की सामानाची पिशवी खाली, आयलीन गाडीखाली. एकदा गाडीचा मालक आला तर त्याला चाकांमधून दोन पाय दिसले.

"बाई, काय चोरताय?"

"काही नाही," खालून आवाज आला. "दिवस चांगला जावो."

लग्न ऑक्टोबरात, बागेलगतच्या हिरवळीवर होतं. मुलीकडच्यांची बस फाटकाशी आली. फाटक बंद. समोर जांभळ्या रेशमी पोशाखात वरमाई, एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात जुनी चटई. आपल्याकडे वेशीवर वऱ्हाडाचे पाय धुतात. इथे वरमाई चटई पसरून बसखाली गेली.

जोडीची आई लोइस पायरीवर उभी राहून बघत होती.

"परवानगी काढून आत यायचंय, हे पत्रिकेत नव्हतं," ती म्हणाली.

"मनावर घेऊ नका," आयलीनचा नवरा वेस म्हणाला. "माझेही खिसे बघते ती."

"आणि सापडतं काही?"

"अजून तरी काही नाही. म्हणून तर नांदतोय."

लोइस हसली नाही. आयलीन बाहेर आली, कोपराला वंगण लागलेलं. "बस स्वच्छ आहे," ती म्हणाली. "या, या! किती छान दिसताय सगळे!"

मागून एका जुन्या ट्रकमधून जोडीचे आजोबा, एल्मर ग्रोफ, उतरले. ट्रकमध्ये एक बाक होता, गोधडीत गुंडाळलेला, वर रिबीन.

"मुलांसाठी," ते म्हणाले. "मी केलाय. गोधडी माझ्या बायकोच्या हातची. लग्न लागल्यावर सोडायची." त्यांचे डोळे भरून आले.

आयलीनचा हात गोधडीकडे गेला. वेसने तो धरला.

"म्हातारा रडतोय, आयलीन."

"कुठे ठेवला होता विचार ना."

"नाही विचारणार. आणि तूही नाही."

बाक वेलींच्या पहिल्या ओळीला टेकवून ठेवला. वारा आला की पानं गोधडीला लागत. विधी सुरू झाले. आयलीनला एक शब्द ऐकू आला नाही. तिला फक्त बाक दिसत होता. बोलावं तर मुलाचं लग्न बिघडणार. गप्प बसावं तर बाग जाणार.

पाद्री जुन्या वळणाचे. बाकीच्यांनी केव्हाच सोडून दिलेला प्रश्न ते अजून विचारत.

"या विवाहाला कुणाची हरकत असेल, तर आत्ताच बोलावं."

आयलीन उभी राहिली.

लोइसच्या हातातला रुमाल पडला. एमेट म्हणाला, "मॉम, नको ना!"

"मुलीला नाही!" आयलीन ओरडली. "मुलगी सोन्यासारखी आहे. हरकत बाकाला आहे!"

सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं.

"एल्मर," आयलीन म्हणाली, "हा उन्हाळाभर कुठे होता?"

"मागच्या अंगणात. रंग वाळायला."

"कशाखाली?"

"स्वर्गाचं झाड म्हणतात ना, त्याच्याखाली. सावली छान पडते."

"पॉप!" अख्खं ग्रोफ घराणं एका सुरात ओरडलं. त्या झाडावर कंदीलमाशी जीव टाकते, हे त्यांच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

बाक उलटा केला. बैठकीखाली राखाडी फरकाटे होते, शेजारीशेजारी. आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली.

"मीच आणली," ते म्हणाले. "लग्नात."

आता लोइस उठली. तिने पर्स उघडली आणि कडा झिजलेलं एक प्लास्टिकचं कार्ड काढलं.

"बाजूला व्हा, आयलीन. तुम्ही नुसतं शोधलंय. आम्ही वर्षानुवर्षं खरवडतोय."

मागोमाग मुलीकडच्या सगळ्यांची कार्डं निघाली. वाचनालयाची, व्यायामशाळेची, बंद पडलेल्या दुकानांची. हात धुवायचं जंतुनाशक पिशव्यांत ओतलं गेलं. अंडी खरवडून थेट त्यात. एक मामा तर टायसकट पालथे पडले.

"मी थांबू की पुढे म्हणू?" पाद्रींनी विचारलं.

"म्हणा!" दोन्ही आया एकदम ओरडल्या.

त्यांनी म्हटलं. नवरीने पिशवी धरून "हो" म्हटलं. एमेटचा "हो" बाकाआडून आला. टाळ्या वाजल्या, कार्डं हातातच. वेसने सरकारी शेतकी कचेरीला फोन लावला आणि निरोप ठेवला, "कंदीलमाशीची फक्त अंडी सापडली, लग्नात. लग्न लागलंय. उद्या माणूस पाठवा, केक शिल्लक आहे."

सूर्य उतरला तशी लोइस ग्लास घेऊन आयलीनजवळ आली.

"आमच्याकडे याल तेव्हा तुमची गाडी कुणी तपासणार नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळं आधीच आहे."

आयलीनला हसू आवरेना. हसता हसता तिला हुंदका आला, मग उचकी लागली.

"चला, बाग तरी दाखवा," लोइस म्हणाली. "एवढा जीव कशात अडकलाय ते बघू दे."

आयलीन दोन पावलं चालली. थांबली. खाली बघू लागली.

लोइसने तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि बुटाचा तळ वर करून दाखवला.

आयलीनने विजेरी लावली.

"दुसराही," ती म्हणाली.